सासूबाईंची वही, ई-पुस्तक आणि एक दुरुस्ती



जुन्या पुस्तकांच्या शेवटी एक शुद्धिपत्र असायचे, आठवते का? पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. आमच्या घरच्या एका पूजेच्या पुस्तकात मामंजींनी ते शुद्धिपत्र समोर ठेवून प्रत्येक पानावर पेन्सिलीने अक्षर सुधारून घेतलेले आहे, आणि मगच ते पुस्तक वापरायला काढलेले आहे. प्रत ज्याची, दुरुस्ती त्याने करायची, असा तो सरळ व्यवहार होता. ई-पुस्तकाला शुद्धिपत्र लागत नाही असे म्हणतात. चूक सापडली की लेखकाने नवी फाईल चढवायची, झाले. गेल्या चातुर्मासात हे 'झाले' किती लांबते ते मी जवळून पाहिले. तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडे ते पुस्तक आहे, म्हणून सगळे सविस्तर सांगते.

पुस्तक म्हणजे आमच्या सासूबाईंची वही. शुद्ध स्वयंपाक, चातुर्मासातले पदार्थ, पाणी गाळणे, जिवाणी पोचवणे, चौका लावताना काय पाहावे, लोणची-पापड किती दिवस चालतात, आणि मधे मधे त्यांची स्वतःची मते. मते भरपूर. वही शाईने लिहिलेली, डाव्या बाजूला समासात भाव लिहिलेले. त्या गेल्यावर वहीची पाने तुटायला लागली, म्हणून २०१० च्या सुमाराला एका टायपिंगवाल्याकडून ती संगणकावर घेतली होती. त्या फाईलचे पुढे काही वर्षांनी माझ्या भाच्याने ई-पुस्तक केले. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून ठेवता येऊ लागली, त्यामुळे आम्हांला प्रकाशक शोधावा लागला नाही, की प्रती छापून माळ्यावर ठेवाव्या लागल्या नाहीत. आयएसबीएन क्रमांकही लागत नाही. दुकान स्वतःचा दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक देते. (ज्यांना हवा असेल त्यांना आपल्याकडे आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.) किंमत एक किलो शेंगदाण्यांपेक्षा कमी ठेवली. जेमतेम दोनशे प्रती गेल्या, त्यातल्या निम्म्या पाहुण्यांनी घेतल्या असतील.

तर गेल्या श्रावणात बेळगावहून एका मुलीचा फोन आला. लग्नाला दोन वर्षे झालेली, माहेरी फारसे काही पाळले जात नसे, पण तिने स्वतःहून चातुर्मासापुरता मर्यादेचे अन्न घेण्याचा नियम घेतला होता. म्हणाली, "काकू, पुस्तकात पावसाळ्यात पीठ सात दिवस चालतं असं आहे. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात तीन. कुणाचं खरं?"

मी म्हटले, "तीनच गं. पुस्तकातही तीनच आहे."

तिने पानाचा फोटो पाठवला. 'पावसाळा' या शब्दाच्या बरोबर खाली '७' होता.

तुम्हांला माहीतच आहे, पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. दमट हवेत पीठ लवकर कोंदते, जाळी धरते, बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात सगळ्यांत कमी. सासूबाईंनी वहीत पट्टीने रेघा मारून तक्ता केला आहे. टायपिंगवाल्याने मात्र तक्ता न करता नुसत्या मोकळ्या जागा सोडून तिन्ही ऋतूंची नावे एका ओळीत घेतली होती, आणि खालच्या ओळीत तसेच अंतर सोडून तीन आकडे. भाच्याच्या लॅपटॉपवर सगळे बरोबर एकाखाली एक दिसते. पण ई-पुस्तकातली ओळ पक्की नसते. वाचणारीने अक्षर मोठे केले की ओळीत मावणारे शब्द कमी होतात आणि उरलेले खाली उतरतात. मोबाइलचा पडदा अरुंद, त्यात या मुलीने अक्षर मोठे ठेवलेले. त्यामुळे 'हिवाळा' आणि 'उन्हाळा' पहिल्या ओळीत राहिले, 'पावसाळा' दुसऱ्या ओळीत डावीकडे येऊन बसला, आणि त्याच्या खाली आकड्यांच्या ओळीतला पहिला आकडा आला: सात.

एकही अक्षर बदलले नव्हते. तरी अर्थ उलटा झाला होता.

ती मुलगी पंधरा दिवस सहा-सहा, सात-सात दिवसांचे पीठ वापरत होती. फोनवर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग माझा नियम मोडला का हो काकू?" याचे उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. तिला म्हटले, तुमच्या गावाजवळ माताजींचा चातुर्मास आहे, त्यांना जाऊन विचार. माताजींनी तिला एक एकाशन आणि जप सांगितला आणि नियम पुढे चालू ठेव म्हणाल्या. ती निश्चिंत झाली. मला मात्र उरलेल्या प्रती झोपू देईनात. त्या दोनशे जणींपैकी कोण कोणत्या अक्षरात वाचते आहे, मला काय कळणार?

भाच्याने त्याच रात्री तक्ता नीट केला. खरे तर तक्ताही ठेवला नाही. मीच म्हटले, सरळ तीन वाक्ये लिही: हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन दिवस. वाक्य कुठेही तुटले तरी अर्थ सुटत नाही. (तुमच्यापैकी कोणी वही-बाड ई-पुस्तक करणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. प्रमाण, दिवस, वेळ हे वाक्यात लिहावे. आणि प्रत अक्षर सगळ्यांत मोठे करून, मोबाइल उभा धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी.) नवी फाईल चढवली. दुकान तपासणीला बहात्तर तासांपर्यंत वेळ घेते म्हणतात, आमची त्याच्या आतच लागली.

मी सुटकेचा श्वास टाकला तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, ही फक्त इथून पुढे घेणाऱ्यांना. आधी घेतलंय त्यांच्याकडे जुनंच राहणार."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि बहुतेकांना नसते. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाईल वाचकाच्या यंत्रात उतरलेली असते. लेखकाने दुकानातली फाईल बदलली म्हणून ती आपोआप बदलत नाही. लेखकाने दुकानाला कळवायचे की अमक्या जागी अमकी चूक होती, ती अशी सुधारली. मग ते ठरवतात बदल किती मोठा आहे. फार गंभीर असेल तर वाचकांना ईमेल जाते. किरकोळ असेल तर वाचकाच्या खात्यात 'अद्ययावत प्रत उपलब्ध आहे' एवढे दिसते, आणि तिने स्वतः जाऊन ते बटण दाबायचे. खात्यात 'पुस्तके आपोआप अद्ययावत करा' अशी एक सोय आहे, ती ज्यांनी चालू ठेवली आहे त्यांच्याकडे नवी प्रत गुपचूप येते. नियम म्हणून पाहिले तर वाजवी आहे. उद्या कोणी दर आठवड्याला पुस्तक बदलत बसला तर वाचणारीने काय करावे? पण तीन दिवस की सात हे किरकोळ की गंभीर, ते ज्या घरात मर्यादा पाळतात तिथेच कळणार.

भाच्याने पत्रात स्पष्ट लिहिले की हा अन्न किती दिवस वापरावे याचा प्रश्न आहे. काही आठवड्यांनी अद्ययावत प्रत उपलब्ध झाली. तोवर मी हाताने शक्य तेवढे केले. महिला मंडळाच्या गटावर टाकले, नातेवाइकांना फोन केले, पर्युषणात मंदिरात भेटेल तिला सांगितले. आमची सून म्हणाली, "आई, ई-पुस्तक काढून शेवटी तुम्ही घरोघरीच फिरताय."

त्या निमित्ताने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि एका जागी मला इतके हसू आले की चष्मा काढावा लागला. सासूबाईंनी लिहिले होते की पंगतीचा स्वयंपाक असेल तेव्हा आचाऱ्यांना आधीच बजावून ठेवावे, कांदा-लसूण-बटाटा आवारातही आणू नये, आणि त्यांनी दुपारी विडी ओढली तर हात धुऊनच भांड्याला हात लावावा. ई-पुस्तकात ते झाले होते 'आचार्यांना आधीच बजावून ठेवावे'! पुढचे तुम्हीच वाचा, मी लिहीत नाही.

हे कशाने झाले तेही सांगते. पूर्वी मराठी टायपिंग ज्या फॉन्टांत व्हायचे त्यांत प्रत्येक कंपनीची अक्षरे आपापल्या जागी बसवलेली असत. आता सगळीकडे युनिकोड चालते. जुन्या फॉन्टातली फाईल युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक वापरतात, आणि त्यात आपल्या मराठीचा हा आडवा अर्धा र हमखास बळी पडतो. तो रफार होऊन डोक्यावर चढतो. भाकऱ्या, पुऱ्या, सुऱ्या, तिसऱ्या दिवशी, वाऱ्यावर वाळवणे, स्वयंपाकाच्या पुस्तकात तर हा र पावलोपावली. बाकी ठिकाणी नुसते विचित्र दिसते, आचारी-आचार्यांच्या बाबतीत मात्र माणूसच बदलतो. भाच्याने सगळे र शोधून शोधून खाली उतरवले. 'आचार्य' जिथे खरोखर आचार्य आहेत तिथे हात लावू नकोस एवढे मी बजावले, कारण सरसकट बदलले असते तर प्रस्तावनेत आचाऱ्यांना त्रिवार वंदन झाले असते.

आता माझ्या मनाला टोचलेला मुद्दा. मी बी.कॉम. आहे, १९८० च्या सुमाराची. त्या काळी आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवत की हिशेबाच्या वहीत खोडाखोड नाही, रबर नाही, पान फाडणे नाही. नोंद चुकली तर तिच्यावर रेघ मारायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, तारीख घालून, कारण लिहून. वाचणाऱ्याला आधी काय होते आणि नंतर काय झाले दोन्ही दिसले पाहिजे. आता तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे असा नियम आहे. ई-पुस्तकात उलट. नवी फाईल आली की जुनी नाहीशी. आज माझ्याकडे तीन आहे, काल सात दिसले होते असे म्हणणारी ती बेळगावची मुलगी खोटी ठरावी, इतके ते स्वच्छ.

हस्तलिखितांच्या काळात लेखनिक काय करत ते पाहा. अक्षर सुटले तर ओळीत हंसपादाची खूण करून समासात ते लिहीत. जास्तीचे अक्षर पिवळ्या हरताळाने झाकत. आपण 'नियमाला हरताळ फासला' म्हणतो तो हाच हरताळ. पण झाकलेले आहे हे पिवळ्या डागावरून दिसायचे. आणि ग्रंथ संपल्यावर कित्येक लेखनिक लिहून ठेवत की पाठ, कंबर, मान मोडून हे लिहिले आहे, जसे समोर होते तसे उतरवले आहे, दोष मला देऊ नये. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी ग्रंथ ताम्रपटांवर कोरून फलटणला ठेवले, कारण ताडपत्रे झिजत चालली होती. तांब्यावर एकदा कोरले ते कोरले. आमच्या वहीची त्या ग्रंथांशी तुलना नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नका. पण एका टोकाला तांब्याचा पत्रा आणि दुसऱ्या टोकाला झोपेत बदलणारे पुस्तक, असे डोळ्यांसमोर येते खरे.

झोपेत बदलणारे म्हणते ते उगीच नाही. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकांच्या विकलेल्या ई-प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या. हक्क नसलेल्या माणसाने त्या विकायला ठेवल्या होत्या म्हणून. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. त्यातले एक पुस्तक होते '१९८४', ज्यात सरकार जुनी कागदपत्रे बदलत बसते! २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये रोआल्ड डाल यांच्या मुलांच्या पुस्तकांतले शब्द प्रकाशकाने बदलले, 'फॅट'सारखे शब्द काढले, तेव्हा ज्यांनी आधी ई-प्रत घेतली होती त्यांच्यातल्या काहींना आपल्या प्रतीतही नवा मजकूर दिसला. ओरड झाल्यावर प्रकाशकाने जुन्या मजकुराची १७ पुस्तकेही छापत राहू असे जाहीर केले.

डाल यांचे वाचून मी थबकले, कारण तोच प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर आला होता. सून म्हणाली, "आई, फाईल उघडलीच आहे तर ते 'बाहेर बसण्याचं' पान काढून टाकू या. आजकालच्या मुली वाचून काय म्हणतील?" त्या पानावर सासूबाईंनी चार दिवस स्वयंपाकघरात न येण्याचे सगळे नियम लिहिले आहेत, कडक शब्दांत. आणि शेवटी एक ओळ आहे, की बाकी महिनाभर सुनेच्या पाठीला आराम कुठला, तेवढे चार दिवस तरी मिळतो. सून ती ओळ वाचत नाही, नियमांपाशीच थांबते. मी त्या ओळीपाशी थांबते. सोळा माणसांचा स्वयंपाक चुलीवर करणाऱ्या बाईने ती लिहिली आहे.

मी पान काढू दिले नाही. चूक आणि मत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पावसाळ्याखाली सात हे सासूबाईंचे नव्हते, ते दुरुस्त करणे म्हणजे त्यांचे त्यांना परत देणे. बाहेर बसण्याचे पान त्यांचे आहे. त्याखाली मी माझ्या नावाने, तारीख घालून लिहिले आहे की आमच्या घरात आज हे कसे पाळतो आणि काय सोडले. सुनेला ते पुरेसे वाटत नाही. ती म्हणते, वाचणारी तुमच्या टिपेपर्यंत पोचणारच नाही. तिचेही चूक नाही, ई-पुस्तकात लोक शोध घेऊन थेट हव्या त्या शब्दावर उतरतात, आगेमागे पाहत नाहीत. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

मापांच्या बाबतीत मात्र मी तिचे ऐकले. वहीत सगळे चिपट्या-मापट्यांत आहे. चिपटे म्हणजे पाव शेर, मापटे म्हणजे अर्धा शेर, हे तुमच्या-माझ्या वयाच्या बायकांनाही आता मनात जुळवावे लागते. ती भरण्याची मापे, वजनाची नाहीत, त्यामुळे एक मापटे ज्वारी आणि एक मापटे पोहे यांचे ग्रॅम एक येत नाहीत. सुनेने प्रत्येक जिन्नस घरातल्या मापट्याने मोजून काट्यावर ठेवला आणि मूळ मापापुढे ग्रॅम लिहिले. दोन रविवार गेले. हे काम तिने केले आहे आणि तसे पुस्तकात लिहिले आहे.

आता अक्कांविषयी. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वय ७९. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाला तेव्हा छापील पुस्तक सुटले. भिंग घेऊन वाचत, पण एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना चुकायच्या, आणि अर्ध्या तासात डोके धरून बसायच्या. स्वाध्याय सुटला म्हणून घरात कोणाशी बोलेनाशा झाल्या. नातवाने किंडल आणून दिले. मोबाइलवर त्यांना वाचवत नव्हते, कारण मोबाइलचा उजेड सरळ डोळ्यांत येतो. किंडलचा साधा पडदा वेगळा असतो. त्यात काळे-पांढरे बारीक कण विजेने वरखाली होऊन अक्षर बनते, कागदासारखे, आणि बाहेरच्या उजेडात ते अधिक स्पष्ट दिसते. पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकते. अक्षर त्यांनी इतके मोठे केले आहे की एका पडद्यावर मोजके शब्द मावतात. सकाळी अंगणातल्या खुर्चीत उन्हाला पाठ करून बसतात आणि तासभर वाचतात. पान उलटण्याचा वेग तुमच्या-माझ्या दसपट. श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढून नव्या वेष्टनात गुंडाळतो ना, तेव्हा त्यांनी किंडललाही जुन्या रेशमी खणाचे वेष्टन शिवले. हात धुतल्याशिवाय त्याला कोणी शिवायचे नाही.

स्वयंपाकघरात मात्र कोणतेच यंत्र कामाचे नाही, हे माझे मत. पिठाच्या हाताने पान सरकत नाही, ओल्या बोटाने भलतीकडेच जाते, आणि फोडणी तडतडत असताना मोबाइलचा पडदा काळा होतो. कृती आधी वाचून घ्यावी किंवा सरळ कागदावर उतरून फळीला टाचणीने लावावी.

तर अक्कांच्या किंडलमध्ये सासूबाईंचे पुस्तक आहे, आणि त्यांनी त्यात ठिकठिकाणी खुणा केल्या आहेत. बोट दाबून ओढले की ओळ करडी होते, ते त्यांना जमते. पाककृतींवर नाहीत त्या खुणा. 'सून दमली की तिला विचारू नये, पाट द्यावा', 'भाताच्या पेजेला कोणी नाव ठेवू नये', अशा ओळींवर आहेत. नातू नवी प्रत उतरवायला गेला, तेव्हा मी त्याला थांबवले. प्रत बदलताना खुणा टिकवायच्या तर त्यांची खात्यात साठवण आधी चालू असावी लागते. ती आम्ही चालू केली. पण मजकूर मागेपुढे झाला की खूण एखाद्या ओळीने सरकूही शकते. तसे अक्कांना समजावून सांगितले.

त्या म्हणाल्या, "मग नको बाई. माझं जुनंच असू दे."

मी म्हटले, "अक्का, त्यात पिठाचं उलटं दिसतंय हो."

"मला पिठाचं पुस्तकात बघायला लागतंय होय? सासूबाईंनी मला तोंडी सांगितलंय. तू यायच्या आधी."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांचे जुने तसेच आहे, पावसाळ्याखाली सात, आचाऱ्यांच्या जागी आचार्य. आणि त्या बेळगावच्या मुलीच्या खात्यात आपोआप बदलण्याची सोय चालू होती, तिच्याकडे नवी प्रत केव्हा आली ते तिलाही कळले नाही. मी सांगितल्यावर तिने उघडून पाहिले.

एक गंमत राहिलीच. आपल्या गटांवर या पुस्तकाची एक पीडीएफ वर्षानुवर्षे फिरते आहे. कोणी काढली देवाला ठाऊक, पैसे मोजून घेतलेल्या प्रतींपेक्षा ती जास्त घरांत असेल. तिला दुरुस्ती पोचवण्याचा कोणताच मार्ग नाही, म्हणून मी सगळ्यांत जास्त तिचीच धास्ती घेतली होती. भाच्याने ती उघडून पाहिली. पीडीएफचे पान छापील कागदासारखे पक्के असते, अक्षर मोठे केले तर पानच मोठे होते, ओळ तुटत नाही. त्यामुळे पावसाळा आपल्या जागी आणि खाली तीन. फुकटवाल्यांचे पीठ पहिल्यापासून बरोबर होते! आचार्यांना बजावणे मात्र तिथे अजून चालू आहे, ते वाचून कोणी मला फोन केला नाही याचे नवल वाटते.

ज्यांच्याकडे विकत घेतलेली प्रत आहे त्यांनी पुस्तक उघडून पहिलेच पान पाहावे. तिथे 'दुरुस्तीची नोंद' असे असेल, तारीख, कोणत्या प्रकरणात आधी काय दिसत होते आणि आता काय आहे, तर तुमची प्रत नवी. शुद्धिपत्राची गरज नसतानाही मी ते घातले आहे, हिशेबाच्या वहीसारखे. ते पान नसेल तर संगणकावर किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तुमच्या खात्यातल्या पुस्तकांच्या यादीत जाऊन या पुस्तकासमोर अद्ययावत करण्याचे बटण आहे का ते पाहा. त्याआधी खुणा असतील तर त्यांची साठवण चालू करा, किंवा सरळ वहीत उतरवून ठेवा.

पुढची दुरुस्ती श्रुतपंचमीनंतर एकदाच घालणार आहोत, सारखी नाही. लोणच्यांच्या प्रकरणात दोन ठिकाणी मिठाचे प्रमाण संशयास्पद आहे, ते मूळ वहीशी ताडून पाहते आहे, शाई उतरलेली असल्याने वेळ लागतो. तुम्हांला काही सापडले तर वैशाखाच्या आत कळवा. पानाचा आकडा सांगू नका, तो प्रत्येकीकडे वेगळा असतो. ती ओळ लिहून पाठवा आणि अक्षर किती मोठे ठेवले आहे तेही सांगा.